परवान्याची बंदूक आणि घरातील स्त्री

भात निसवू लागले की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील डोंगरकडेच्या गावांत राखण सुरू होते. भीमाशंकरच्या रांगेपासून बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत शेतांतून माळे उभे राहतात, डबे वाजतात, शेकोट्या पेटतात आणि ज्यांच्याजवळ परवाना आहे अशा थोड्या घरांतून ठासणीची बंदूक बाहेर निघते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत खाचरेच्या खाचरे लोळवून टाकतो. हे ज्याने पहाटेच्या उजेडात पाहिले आहे, त्याला या बंदुकीचे प्रयोजन समजावून सांगावे लागत नाही. बार निघतो, डोंगर घुमतो, कळप उधळतो. पीक घरात आले की बंदूक पुन्हा खुंटीवर जाते.

आजचा विषय त्या खुंटीपाशी सुरू होतो. वर्षातून दोन-तीन महिने शेतावर असणारी ही वस्तू उरलेले नऊ-दहा महिने घरात असते. त्या घरात स्त्री असते, मुले असतात, म्हातारी माणसे असतात. घरधनी शांत स्वभावाचा असेल तर त्या बंदुकीकडे कोणाचे लक्षही जात नाही. परंतु तो हात उगारणारा, दारूच्या आहारी गेलेला किंवा संशयी असेल, तर त्याच बंदुकीचा अर्थ बदलतो. ती झाडावी लागत नाही. संध्याकाळी ती खुंटीवरून काढून बाजेवर आडवी ठेवली आणि फडक्याने पुसत बसले, एवढ्यानेच माहेरी जाण्याची गोष्ट बोलायची राहून जाते. गावात आवाज जात नाही, अंगावर वळ उठत नाही, आणि म्हणूनच तक्रारीच्या कागदावर त्याची नोंदही होत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. या दोन तालुक्यांत, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, घरातील मारहाणीत बंदुकीचा संबंध क्वचित येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौघींत एकीने पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. तिच्या वाट्याला येतो तो बहुधा हात, पट्टा, लाकूड, फार तर कोयता. मग बंदुकीचा वेगळा विचार कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे की, घरातील सर्व हत्यारांमध्ये बंदूक हे एकच हत्यार असे आहे की ज्याच्या मालकाचे नाव, गाव आणि परवान्याचा क्रमांक शासनाच्या नोंदवहीत लिहिलेला असतो. कोयत्याचा परवाना रद्द करता येत नाही. तो प्रत्येक घराचे रोजचे अवजार आहे. बंदूक मात्र शासनाने अर्ज तपासून, पोलिसांचा अहवाल मागवून त्या घरात जाऊ दिलेली असते. जी वस्तू शासनाच्या अनुमतीने घरात गेली, तिच्या धाकाखाली कोणी जगत असेल, तर ती बाहेर आणण्याची जबाबदारीही शासनाचीच ठरते. शिवाय हातातील काठीचा घाव कदाचित चुकविता येतो, छर्ऱ्यांचा नाही. २०२३ साली पुण्यात आणि ठाण्याजवळच्या कळव्यात, दोन महिन्यांच्या आत, पतीने स्वतःच्या परवान्याच्या शस्त्राने पत्नीवर गोळ्या झाडल्याच्या घटना घडल्या. त्यांतील एक घर तर पोलीस अधिकाऱ्याचे होते. परवाना असणे आणि घर सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या घरांनी फार मोठी किंमत देऊन दाखविले.

'बंदूक माझी, परवाना माझा. घरच्या भांडणाशी तिचा काय संबंध?' असे उत्तर गावात हमखास ऐकू येते. ते केवळ उर्मटपणाचे मानून चालणार नाही, कारण त्यामागे एक इतिहास आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परकी सरकारने भारतीयांना निःशस्त्र केले, आणि तो कायदा हटविण्याची मागणी पुढे राष्ट्रीय चळवळीने अनेक वर्षे लावून धरली. कर्जत तालुक्याला तर या बाबतीत स्वतःची आठवण आहे. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे साथी १९४२ च्या लढ्यात याच डोंगरांतून वावरले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. ज्या मुलखाने हे पाहिले, तेथे शस्त्राला मान असणे स्वाभाविक आहे. परंतु तो मान परकी सत्तेसमोर उभ्या राहिलेल्या माणसांनी मिळविलेला आहे. स्वतःच्या ओसरीवर बायकोसमोर बंदूक पुसत बसणाऱ्याने त्यात वाटा सांगू नये.

स्वातंत्र्यानंतर आलेल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने नागरिकाला शस्त्र बाळगण्याची वाट मोकळी केली, पण ती परवान्याची वाट आहे. आपल्या संविधानाच्या मूलभूत हक्कांत शस्त्राचा उल्लेख येतो तो शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याच्या स्वातंत्र्यापुरता, म्हणजे शस्त्र नसण्याच्या अटीसह. शस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ साली बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणी नमूद केले. तथापि परवानाधारक अगदीच निराधार आहे असेही नाही. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याचा खरा अर्ज कारणाशिवाय फेटाळता येत नाही. परवाना निलंबित वा रद्द केल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात. आणि त्या आदेशाविरुद्ध अपील करता येते. हे संरक्षण योग्यच आहे. गावातील वैरातून खोटा अर्ज देऊन एखाद्याची बंदूक काढवून घेण्याचे प्रकार होऊ शकतात, आणि अधिकाऱ्याने दोन्ही बाजूंनी सावध राहिले पाहिजे.

अमेरिकेत हाच वाद उलट टोकाकडून सुरू होतो. तेथे शस्त्र बाळगण्याचा अधिकार राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने १७९१ पासून दिलेला आहे. असे असूनही, ज्या माणसाविरुद्ध न्यायालयाने घरगुती हिंसेबाबत मनाई हुकूम दिला आहे त्याने तो हुकूम चालू असेपर्यंत बंदूक बाळगू नये, असा संघराज्याचा कायदा १९९४ साली झाला. टेक्सासमधील रहीमी नावाच्या इसमाने त्याला आव्हान दिले, आणि २१ जून २०२४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने तो कायदा वैध ठरविला. जेथे बंदूक हा घटनादत्त हक्क आहे तेथेही स्त्रीच्या जिवापुढे तो थांबतो. कॅनडाची रीत तर आणखी आधीची, म्हणजे अर्जाच्याच टप्प्यावरची आहे. परवान्याच्या अर्जावर सध्याच्या, आणि गेल्या दोन वर्षांत सोबत राहिलेल्या पूर्वीच्या, जोडीदाराची सही मागितली जाते; सही नसेल तर त्या जोडीदाराला अर्जाची सूचना दिली जाते. आपल्याकडे चौकशीला गेलेला अंमलदार शेजाऱ्याला विचारतो, पोलीस पाटलाला विचारतो. चुलीपाशी बसलेल्या बाईला वेगळे बोलावून विचारणारा अंमलदार विरळाच. वास्तविक तसे विचारण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

आता आपल्या कायद्यात काय आहे ते पाहावे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. या अधिनियमात हिंसा म्हणजे केवळ प्रत्यक्ष मार नव्हे. जिवाची धमकी आणि फौजदारी स्वरूपाचा धाकही त्यात येतो. म्हणजे बाजेवर ठेवलेली बंदूक या व्याख्येबाहेर राहत नाही. या अधिनियमाखालील २००६ च्या नियमांपैकी दहाव्या नियमात एक छोटासा खंड आहे. दंडाधिकाऱ्याने लेखी निर्देश दिल्यास संरक्षण अधिकाऱ्याने, आवश्यक तर पोलिसांची मदत घेऊन, हिंसाचारात वापरलेले हत्यार जप्त करावे, असे तो सांगतो. या खंडाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. संरक्षण अधिकारी म्हटला की पोटगीचा अर्ज, घरात राहण्याचा हक्क, दागिने परत मिळविणे हीच कामे डोळ्यांसमोर येतात. हत्यार काढून घेणे हेही त्याच यादीतील काम आहे.

दुसरा मार्ग शस्त्र अधिनियमाचा. परवानाधारक कोणत्याही कारणाने शस्त्र बाळगण्यास अयोग्य आहे अशी खात्री झाल्यास, किंवा सार्वजनिक शांतता अथवा सुरक्षितता यांसाठी आवश्यक वाटल्यास, कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. एखाद्याच्या हाती शस्त्र राहू देणे सार्वजनिक शांततेला किंवा सुरक्षिततेला धोक्याचे आहे असे जिल्हादंडाधिकाऱ्यास सकारण वाटले, तर कलम २२ खाली, त्याच्याजवळ वैध परवाना असला तरीही, ते शस्त्र शोधून ताब्यात ठेवता येते. कायद्याची भाषा येथे स्पष्ट आहे. अडचण 'सार्वजनिक' या एका शब्दापाशी येते. घरातील भांडण खासगी, मग सार्वजनिक शांततेचा प्रश्न कोठे आला, असा मुद्दा अपिलात निघतो. केवळ गुन्हा नोंदलेला आहे एवढे कारण पुरेसे नाही, असेही उच्च न्यायालयांनी अनेकदा म्हटले आहे. म्हणून 'घरगुती वाद असल्याने परवाना रद्द करण्यात यावा' असा एका ओळीचा अहवाल टिकत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी, कोणाच्या देखत बंदूक रोखली किंवा दाखवली, त्या वेळी काय शब्द उच्चारले, पूर्वी असे किती वेळा घडले, हे लिहिले गेले तरच 'अयोग्य' या शब्दाला आधार मिळतो.

तिसरी वाट या दोन अधिनियमांना जोडणारी आहे, आणि वकील मंडळींनीही तिच्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. २००५ च्या अधिनियमाच्या कलम १९ खाली निवासाचा आदेश देताना दंडाधिकारी प्रतिवादीकडून, पुन्हा हिंसा करणार नाही असा बंधपत्राचा जामीन मागू शकतात. आणि असा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या शांतता राखण्यासंबंधीच्या प्रकरणाखालील आदेश मानला जाईल, असे त्याच कलमात म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून शांतता राखण्याच्या जामिनाच्या तरतुदी तिच्यातही आहेत. इकडे शस्त्र अधिनियमाचे कलम ९ सांगते की, शांतता राखण्याचे बंधपत्र देण्याचा ज्याला आदेश झाला आहे त्याने त्या बंधपत्राच्या मुदतीत बंदूक जवळ बाळगू नये. दोन्ही तरतुदी शेजारी ठेवून वाचल्या, तर बंधपत्राचा आदेश होताच बंदूक घरात ठेवणे बेकायदा होते आणि कलम २१ प्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, असे न्यायालयापुढे मांडता येते. पत्नीच्या अर्जात ही विनंती एका वाक्यात करता येण्यासारखी आहे. ती वकिलाने करावी, संरक्षण अधिकाऱ्याने सुचवावी.

बंदूक जमा करणे ही काही अघटित गोष्ट नाही, हे पंचायत सदस्यांना वेगळे सांगावयास नको. निवडणूक जाहीर झाली की छाननी समिती परवानाधारकांची यादी तपासते, ज्यांच्याविषयी शंका आहे त्यांना नोटिसा निघतात, आणि कर्जत, नेरळ, खालापूर किंवा खोपोलीच्या ठाण्यात बंदुका जमा होतात. पावती मिळते, निकाल लागला की बंदूक परत येते. त्यात कोणाचे नाक कापले जात नाही. मतदाराने निर्भयपणे मत द्यावे म्हणून जर दोन महिने बंदूक ठाण्यात राहू शकते, तर एका बाईला निर्भयपणे न्यायालयात जबाब देता यावा म्हणून ती का राहू नये?

अडते ते कायद्यापाशी नव्हे, माहितीपाशी. परवान्याची नोंद अलिबागला जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात असते, तिची प्रत पोलीस ठाण्यात असते. मारहाणीची तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा ठाण्यातील दुसऱ्या टेबलावर येते. दोन्ही कागद एकमेकांना भेटत नाहीत. बाई स्वतः बंदुकीविषयी बोलत नाही. तिला ती घरातील पाटावरवंट्यासारखी जुनी झालेली असते, किंवा 'परवाना गेला तर राखण कोण करणार' ही चिंता तिलाही असते. म्हणून विचारावे लागते. कौटुंबिक घटना अहवाल लिहिताना, आणि त्यासोबतचा नमुना ५ मधील सुरक्षा आराखडा भरताना, 'घरात बंदूक आहे का, ती कोठे असते, दारू-छर्रे कोठे असतात, ती कधी दाखवली का' हे प्रश्न घालावेत आणि उत्तर लिहून घ्यावे. उत्तर 'आहे' असे आले, तर अहवालाची एक प्रत ठाण्यातील परवान्याच्या नोंदीपर्यंत पोहोचली पाहिजे. कर्जत आणि खालापूर या दोन्ही ठिकाणी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची न्यायालये आहेत. अर्जाची पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आत पडावी असे अधिनियम सांगतो, आणि धोका तातडीचा असेल तर शपथपत्रावरून, दुसरी बाजू न ऐकताही, अंतरिम आदेश होऊ शकतो.

ही माहिती सर्वांत आधी कोणाला कळते, याचा विचार केला म्हणजे ठाण्याच्या बाहेरची माणसे आठवतात. चौथीतले पोर शाळेत येऊन सांगते की काल बाबांनी बंदूक काढली होती. अंगणवाडी सेविकेच्या कानावर शेजारीण काही घालते. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेल्या पोलीस पाटलाला तर कोणाच्या घरी कोणती बंदूक आहे हे तोंडपाठ असते. अशा कोणत्याही व्यक्तीने संरक्षण अधिकाऱ्याला माहिती दिली, आणि ती सद्भावनेने दिलेली असली, तर तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, अशी कलम ४ ची हमी आहे. शिक्षकांनी ही हमी विशेष लक्षात ठेवावी. गावात राहून नोकरी करणाऱ्याला तिची गरज पडते. तातडीच्या प्रसंगी ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक फिरवावा आणि 'घरात बंदूक आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण येणाऱ्या शिपायांच्या जिवाचाही तो प्रश्न असतो. बंदूक विनापरवाना असेल तर एवढा सारा विचारही करावा लागत नाही. ती बाळगणे हाच गुन्हा आहे.

पंचायतीतील तडजोडीविषयी थोडे परखडपणे बोलले पाहिजे. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाल्यापासून गावातील वाद गावातच मिटविण्याकडे कल वाढला. बांधाच्या, पाण्याच्या वादात त्याचा लाभ झाला. परंतु मारहाण सोसणाऱ्या बाईला पंचांसमोर बसवून, दोघांकडून दोन शब्द वदवून, पानसुपारी करून पुन्हा त्याच घरी पाठविले जाते, तेव्हा खुंटीवरच्या बंदुकीचा उल्लेख त्या कागदावर नसतो. बाई 'मान्य आहे' म्हणते. ते कोणाला उद्देशून म्हणते, हे पंचांनी ओळखावयास हवे. धाकाखालची संमती ही तडजोड होत नाही. जेथे बंदूक दाखविली गेली आहे तेथे पंचांनी बैठक न बसविता प्रकरण संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवावे, हे उत्तम. निदान बंदूक ठाण्यात जमा झाल्याची पावती पाहिल्याशिवाय बैठकीला बसू नये.

अलीकडे या दोन तालुक्यांत बंदुकीचे दुसरेही चेहरे दिसतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यापासून नदीकाठी आणि डोंगरउतारावर शहरातील लोकांची फार्महाऊसे उभी राहिली. तेथे शनिवार-रविवारी येणारे पिस्तूल मुंबईच्या किंवा पुण्याच्या परवान्याचे असते, अलिबागच्या नोंदवहीत ते सापडत नाही. अशा वेळी 'परवाना आमच्याकडचा नाही' म्हणून हात झटकू नयेत. पीडित स्त्री तात्पुरती जेथे राहत आहे तेथील दंडाधिकाऱ्यालाही अधिकार आहे, आणि त्याचा आदेश देशभर लागू होतो. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला फक्त कळवावयाचे असते. खोपोली-रसायनी पट्ट्यात पाळी संपली की स्वतःच्या परवान्याची बंदूक खांद्याला लावून घरी परतणारा सुरक्षा रक्षक हा तिसरा चेहरा. त्याची बंदूक म्हणजे त्याची नोकरी. तेथे निर्णय कठीण असतो, कारण बंदूक गेली तर पगार जातो आणि पगार गेला तर पहिली उपासमार त्या बाईची व मुलांची होते. अशा प्रकरणात पोटगीचा अंतरिम आदेश आणि शस्त्र जमा करण्याचा आदेश एकाच दिवशी मागावेत. एक आज आणि दुसरा सहा महिन्यांनी, असे होऊ नये.

शेतकऱ्याच्या बाबतीतही हाच न्याय लावला पाहिजे. बंदूक ठाण्यात गेली तरी डुकरे येणारच. तेव्हा त्या घराची राखण शेजारच्या परवानाधारकाने सामाईक करावी, पिकाच्या नुकसानीचा वनविभागाकडील भरपाईचा अर्ज विहित मुदतीत जाईल हे ग्रामपंचायतीने पाहावे, आणि तो अर्ज बाईच्या हाताने गेला तर अधिक बरे. बार काढून रानडुक्कर मारणे हे तसेही वनविभागाच्या परवानगीचे काम आहे. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, याचा अनेकांना विसर पडतो.

राहता राहिला बंदूक परत देण्याचा प्रश्न. आदेशाची मुदत संपते, बंधपत्र संपते, प्रकरण मिटते, आणि भादव्यात राखणीचा हंगाम जवळ आला की बंदूक परत मिळावी म्हणून अर्ज येतो. ठाण्यातून अभिप्राय मागविला जातो आणि बहुधा 'सध्या वाद नाही' असे लिहून तो परत जातो. हा अभिप्राय लिहिणाऱ्याने त्या घरी एकदा स्वतः जाऊन यावे, महिला पोलीस किंवा अंगणवाडी सेविका सोबत असावी. आणि घरधनी शेतावर गेला असेल अशा वेळी जावे.